कंगवा एक, दोष मुलींचा

‘मुलींनी दुसरीचा कंगवा, टॉवेल, रिबीन वापरू नये. उवा आढळल्यास केस कापले जातील.’ माझ्या मुलीच्या वसतिगृहाने या आठवड्यात पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकलेली ही सूचना. पहिले वाक्य अगदी बरोबर, दुसरे निव्वळ अरेरावीचे. पण पहिले तरी पाळायचे कसे? प्रार्थनेआधी घाईघाईत साऱ्या खोलीच्या वेण्या व्हायच्या, आरसा एक आणि त्याच्याशेजारी खिळ्याला सुतळीने बांधलेला कंगवाही एकच! तो वसतिगृहानेच बांधला आहे. टॉवेल एका तारेवर एकावर एक. उशांचा सकाळी ढीग लागतो, रात्री जिच्या हाताला जी येईल ती तिची.

ऊ उडत नाही, उडीही मारत नाही. ती केसावरून केसावर चालत जाते. डोक्याला डोके लागले की तिचे फावते, आणि इथे तर एकेका खाटेवर दोन-दोन मुली. डोक्यावरून उतरलेली ऊ एखाद-दोन दिवस तग धरते. त्या सुतळीच्या कंगव्याला दुसरे डोके मिळायला दोन मिनिटेही लागत नाहीत. यात मुलींच्या अस्वच्छतेचा काय संबंध? रोज न्हालेल्या केसांतही उवा होतात.

केस कापून धाक बसतो, उवा जात नाहीत. लिखा सात ते दहा दिवसांत फुटतात. म्हणून एकीलाच, तेही एकदाच, औषध लावून भागत नाही. डॉक्टरांना विचारून, ज्यांना ज्यांना उवा झाल्या आहेत त्या सगळ्यांना एकाच दिवशी लावायचे आणि नवव्या-दहाव्या दिवशी पुन्हा. पर्मेथ्रिनचे एक टक्क्याचे लोशन औषधाच्या दुकानात मिळते. ते सोडून सुट्टीत घरी आलेल्या पोरींच्या डोक्याला कोणी रॉकेल चोपडते, कोणी सीताफळाच्या बियांची पूड. ही पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते, हे किती जणांना ठाऊक आहे?

कंगवे, फण्या कडकडीत पाण्यात दहा मिनिटे बुडवून ठेवल्या की त्यांवरच्या उवा मरतात. पण कडकडीत पाणी आणायचे कुठून? गच्चीवरचा सोलर बंब पावसाळ्यापासून बंद आहे. त्याबद्दल गटावर विचारले तर उत्तर नाही, फीच्या हप्त्याची आठवण मात्र न चुकता येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे तपासणी पथक शाळेत वर्षातून एकदा येते. तोवर थांबायचे का?

संस्थाचालकांना विनंती एवढीच : कात्री कपाटात ठेवा. प्रत्येकीला तिचे नाव घातलेला कंगवा, उशी आणि स्वतंत्र खाट द्या, बंब दुरुस्त करा आणि पहिले औषध कधी, दुसरे कधी, या दोन तारखा त्याच गटावर जाहीर करा.

– एक पालक, नाशिक