स्वच्छतेला वास नसतो

स्वच्छ फरशीला लिंबाचा वास येत नाही. लॅव्हेंडरचा येत नाही, मोगऱ्याचाही नाही. तिला कसलाच वास येत नाही. इतकी साधी गोष्ट आपण विसरावी म्हणून साबण-फिनाईलवाल्या कंपन्यांनी कितीतरी वर्षं टीव्हीवर जाहिराती केल्या आणि आपण ती विसरलोही. आता वास आला नाही तर फरशी पुसल्यासारखी वाटत नाही. फेस आला नाही तर कपडे धुतल्यासारखे वाटत नाहीत. आणि नाकात झणका बसल्याशिवाय संडास साफ झाला असं कुणालाच वाटत नाही.

वास, फेस आणि झणका या तीन खुणांचा स्वच्छतेशी फारसा संबंध नाही. माल खपावा म्हणून त्या बाटलीत घातलेल्या असतात. त्यांची खरी किंमत मोजते ती वाकून फरशी पुसणारी बाई आणि ते पाणी वाहत जातं तिथला ओढा. माझं भांडण या हिशोबाशी आहे.

हे शहरी चोचले आहेत असं वाटत असेल, तर माझ्या गावात या. साखरा, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली. सोयाबीन आणि हळदीचा मुलूख. इथं किराणा दुकानाच्या दारात धुण्याच्या पावडरच्या पुड्यांच्या माळा लटकतात, भांड्याची वडी मिळते, कपड्याची वडी मिळते, पांढरं फिनाईल मिळतं, काळं फिनाईल मिळतं. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरलेलं पिवळसर ‘अ‍ॅसिड’ अशा गावांत आणि आठवडी बाजारांत आजही हाताला लागतं. त्या बाटलीवर ना कंपनीचं नाव, ना प्रमाण, ना इशारा. सर्वोच्च न्यायालयानं १८ जुलै २०१३ रोजी लक्ष्मी खटल्यात अ‍ॅसिडच्या खुल्या विक्रीवर बंधनं घातली. विक्रेत्यानं नोंदवही ठेवायची, गिऱ्हाईकाचं ओळखपत्र पाहायचं, अठरा वर्षांखालच्यांना द्यायचंच नाही. अ‍ॅसिडहल्ल्यांविरुद्ध दिलेला तो आदेश होता. संडास धुण्याच्या नावाखाली विकलं जाणारं अ‍ॅसिड त्या नोंदवहीत किती ठिकाणी लिहिलं जातं, ते तुमच्याच दुकानात जाऊन बघा.

पण सुट्या अ‍ॅसिडला नावं ठेवणं सोपं आहे. जाहिरातीतल्या चकचकीत बाटलीकडे वळू.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. आमच्या धंद्यात प्रोग्राम दुसऱ्याला देताना त्यात कुठली लायब्ररी वापरली, कुठली आवृत्ती, याची यादी सोबत द्यावी लागते. कारण उद्या काही फुटलं तर कुठं बघायचं ते कळलं पाहिजे. पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर मैदा, साखर, पामतेल अशी घटकांची यादी असते. अंगाच्या साबणाच्या वेष्टनावरही असते. आता धुण्याच्या पावडरची पिशवी उलटून बघा. किंमत, वजन, पत्ता, ग्राहक सेवेचा नंबर सगळं सापडेल. आत नेमकं काय काय आहे याची पूर्ण यादी बहुतेक वेळा सापडणार नाही. जंतुनाशक असेल तर एखाद्या मुख्य रसायनाचं नाव आणि टक्का असतो. उरलेलं ‘सुगंध’ या एका शब्दात मावतं, आणि त्या एका शब्दात अनेक रसायनं असू शकतात.

आमच्याकडच्या शेतकऱ्याला फवारणीच्या औषधाचा डबा ओळखीचा असतो. त्यावर रंगीत त्रिकोण असतो: लाल, पिवळा, निळा, हिरवा. लाल म्हणजे सगळ्यात विषारी. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही रंग कळतो. एवढं असूनही २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. कागदावरचा इशारा पुरत नाही, हे आपण तेव्हा शिकलो. घर साफ करायच्या बाटल्यांवर तर तसा एकसारखा, सगळ्यांना कळणारा रंगही नाही. सूचना असतात, पण मुंगीएवढ्या अक्षरात आणि बहुतेकदा इंग्रजी-हिंदीत. ज्या बाईच्या हातात ती बाटली रोज असते, तिच्यासाठी त्या लिहिलेल्याच नाहीत.

त्या अक्षरांत काय दडलेलं असतं, ते सांगतो. संडास साफ करायच्या नेहमीच्या निळ्या द्रावणात साधारण दहा टक्के हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. कपड्यांचे डाग घालवायच्या आणि फरशीला वापरायच्या ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असतं. दोन्ही वेगवेगळ्या बाटल्या एकाच बाथरूमच्या फळीवर असतात. डाग जात नाही म्हणून कुणी दोन्ही एकावर एक ओतले, तर क्लोरीन वायू तयार होतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्यानं हाच वायू सोडला होता. बाथरूममध्ये तो थोडा असतो, मान्य. पण आपलं बाथरूमही चार बाय चारचं असतं, खिडकी वीतभर असते, आणि पाणी उडू नये म्हणून दार लोटलेलं असतं. ‘दोन क्लीनर एकत्र करू नका’ हे वाक्य बाटलीवर सगळ्यात ठळक असायला हवं. ठळक काय असतं? ‘९९.९% जंतूंचा नाश’. तो टक्का प्रयोगशाळेत ठराविक जंतूंवर, ठरलेलं प्रमाण आणि ठरलेला वेळ पाळून मोजलेला असतो. घरात बहुतेक जण ओततात आणि लगेच पुसतात. म्हणजे जंतू मरायला लागतो तेवढा वेळ आपण देत नाही, छातीत जायचं तेवढं मात्र जातंच.

छातीत जाऊन काय होतं? नॉर्वेतल्या बर्गेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. युरोपातल्या ६,२३५ लोकांची फुप्फुसं वीस वर्षांच्या काळात पुन्हा पुन्हा तपासली होती. वय वाढतं तशी फुप्फुसाची ताकद सगळ्यांचीच घटते. एका सेकंदात जोरानं बाहेर टाकता येणारी हवा, साफसफाई न करणाऱ्या बायकांमध्ये वर्षाला १८.५ मिलिलिटरनं कमी होत होती. घरची साफसफाई करणाऱ्यांमध्ये २२.१ नं, आणि तोच व्यवसाय असलेल्यांमध्ये २२.४ नं. आकडा लहान दिसतो, पण वर्षानुवर्षं साचत जातो. निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, त्यातून कारण शंभर टक्के सिद्ध होत नाही, हेही खरं. पण त्यांनी सुचवलेला उपाय ऐका: बहुतेक कामांना ओलं फडकं आणि पाणी पुरतं. आपल्या आज्या हेच करत होत्या.

या आकड्यांत मला जास्त बोचते ती दुसरीच गोष्ट. हा परिणाम बायकांमध्ये दिसला, पुरुषांमध्ये दिसला नाही. अभ्यासात सफाई करणारे पुरुष थोडे होते, हे त्यामागचं एक कारण असू शकतं. आपल्याकडे अभ्यास केला तर तेवढेही सापडायचे नाहीत. जाहिरातीत मात्र पांढरा कोट घालून ‘जंतू’ समजावून सांगायला पुरुष येतो आणि बाटली बाईच्या हातात देऊन जातो. पुण्या-मुंबईत आपल्यातले अनेक जण फ्लॅटमध्ये राहतात, आणि तिथं ही बाटली आणखी एका हातात जाते: कामवाल्या मावशींच्या. त्या दिवसाला चार-पाच घरं करतात, म्हणजे चार-पाच घरांचा झणका एकट्या घेतात. महाराष्ट्रानं २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, पण तुमच्या सोसायटीत किती मावशींना कुणी रबरी हातमोजे दिलेत, ते मोजा. मोज्यांची जोडी महागड्या फ्लोअर क्लीनरच्या बाटलीपेक्षा स्वस्त मिळते.

‘सूचनेप्रमाणे वापरलं तर सुरक्षित आहे,’ असं कंपन्या म्हणतात. दक्षिण कोरियात लोकांनी सूचनेप्रमाणेच वापरलं होतं. तिथं १९९४ पासून घरातल्या ह्युमिडिफायरच्या पाण्यात टाकायचं जंतुनाशक विकलं जायचं. आई-बापांनी बाळाच्या खोलीतली हवा स्वच्छ राहावी म्हणून ते टाकलं. वस्तू पुसायला चालणारं रसायन श्वासातून आत गेलं तर काय होतं, हे नीट तपासलंच नव्हतं. २०११ साली फुप्फुसं निकामी झालेल्या गरोदर बायका दवाखान्यात यायला लागल्या, तेव्हा उलगडा झाला. शेकडो माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. सगळ्यात जास्त खपलेला माल रेकिट बेंकिझरच्या कोरियातल्या कंपनीचा होता. आपल्याकडे डेटॉल, हार्पिक आणि लायझॉल विकणारी रेकिट तीच. २०१६ साली कंपनीनं जाहीर माफी मागितली, कोरियातल्या तिच्या माजी प्रमुखाला तुरुंगवास झाला. हार्पिकमध्ये ते रसायन आहे असं मी म्हणत नाही. बाजारात वर्षानुवर्षं विकलं जातंय म्हणजे कुणीतरी तपासलं असेलच, हा आपला भरवसा किती कच्चा आहे, एवढंच सांगतोय.

आता पाण्याकडे. २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत अभियान सुरू झालं आणि गावोगाव संडास बांधले गेले. त्यातला चांगला प्रकार म्हणजे दोन शोषखड्ड्यांचा संडास. एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा. पहिल्यात वर्ष-दीड वर्षात जिवाणू मैल्याचं सोनखत करतात. सगळं तंत्र त्या जिवाणूंच्या जिवावर चालतं, म्हणून या संडासात अ‍ॅसिड-फिनाईल ओतू नका असं सांगितलं जातं. ब्रश आणि पाणी पुरतं. पण तो संडास मिळाला त्याच घरात टीव्हीही होता, आणि टीव्ही रोज सांगत होता की जंतू मारा. आपण खड्ड्यातले कामाचे जंतू मारले. मग खड्डा लवकर भरतो, वास मारतो, आणि त्या वासावर उपाय म्हणून आणखी फिनाईल आणलं जातं.

न्हाणीचं आणि धुण्याचं पाणी गटारातून ओढ्याला जातं. आमच्या जिल्ह्यातलं पाणी पूर्णा, कयाधू, पैनगंगा करत शेवटी गोदावरीच्याच खोऱ्यात पोचतं. शहरांचंही वेगळं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं आणि प्रत्यक्षात २०,२३६ दशलक्ष लिटरवर प्रक्रिया होते. उरलेलं नदीत. आळंदीला इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे थर आल्याचे व्हिडिओ तुम्हीही फॉरवर्ड केले असतील. त्याला कारखान्यांचं पाणीही कारणीभूत आहे आणि शहरांचं मैलापाणीही. आपली बादली त्या दुसऱ्या भागात आहे.

युरोपातल्या नद्यांवर १९५० च्या दशकात असेच फेसाचे डोंगर यायचे, कारण तेव्हाची डिटर्जंट पाण्यात कुजत नव्हती. पश्चिम जर्मनीनं १९६१ साली कायदा केला, तो १९६४ पासून लागू झाला, आणि कंपन्यांनी कुजणारं रसायन आणलं. लोकांनी कपडे धुणं सोडलं नाही. कायद्यानं सांगितलं आणि कंपन्यांनी बदल केला. आज कुजणारं डिटर्जंट आपल्याकडेही आहे, पण ते कुजायला ऑक्सिजन लागतो, आणि तो कुजकट गटारात नसतो. फेस जास्त म्हणजे धुणं चांगलं, हेही खोटं. वॉशिंग मशीनची पावडर मुद्दाम कमी फेसाची करतात आणि कपडे निघतात. ‘शुभ्र’ दिसणंही बऱ्याचदा मळ निघाल्यामुळे नसतं. पावडरमधला एक घटक कपड्यावर चिकटून राहतो आणि उन्हात निळसर चमकतो. आज्जीची नीळ डोळ्यांना असंच फसवायची, पण ती वेगळ्या पुडीत यायची आणि तिचं नाव नीळ होतं.

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द सुनावतो. हे सगळं वाचून कुणी तुम्हाला तिप्पट किमतीचं ‘केमिकल-फ्री’ क्लीनर विकायला येईल. त्याला हाकला. पाणीसुद्धा केमिकल आहे. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करायची रील तुम्ही पाहिली असेल. दोघं एकमेकांना मारतात, बुडबुडे येतात आणि मागे जवळपास खारट पाणी उरतं. वेगवेगळे वापरले तर दोघांचा उपयोग आहे. आणि रसायनांनी जीव वाचवलेत. ग्रामपंचायतीनं पाण्याच्या टाकीत टीसीएल पावडर टाकली नाही तर पावसाळ्यात काय होतं, ते खेड्यातल्या माणसाला विचारा. करसनभाई पटेलांनी १९६९ साली अहमदाबादेत स्वस्त पावडर विकायला सुरुवात केली, तेव्हा लाखो बायकांच्या दंडाला आराम मिळाला. तो आराम परत घ्या असं कुठल्याही शहाण्या माणसानं म्हणू नये. राख आणि रिठ्याकडे परत चला हा सल्ला देणारे बहुतेक जण स्वतः भांडी घासत नाहीत.

म्हणून मागणी रसायन बंद करा अशी नाही. बाटलीत काय आहे ते सगळं सांगा. कॅलिफोर्नियानं २०१७ साली तसा कायदा केला आणि तिथं विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी घटक जाहीर केले. तिथं जमतं ते इथंही जमेल. धोक्याची सूचना महाराष्ट्रात मराठीत आणि मोठ्या अक्षरात द्या, फवारणीच्या डब्यासारखा रंग द्या. सुटं अ‍ॅसिड बंद करा, आणि शोषखड्ड्याच्या संडासात काय ओतायचं नाही ते संडासाच्या भिंतीवर रंगवा. गावात तशीही प्रत्येक भिंत कुठल्यातरी योजनेनं रंगवलेली असते.

तोपर्यंत आपल्या हातात आहे ते आपण करायचं. दोन बाटल्या एकत्र करायच्या नाहीत. स्प्रे टाळायचा, कारण त्याचा तुषार थेट छातीत जातो. पावडर निम्मी करून बघायची. खिडकी उघडायची. मावशींना मोजे द्यायचे. आणि महिन्यातून चार वेळा तरी संडास स्वतः धुवायचा, विशेषतः पोरांनी. गाडगेबाबांच्या नावानं सरकारनं ग्रामस्वच्छता अभियान काढलं. त्या माणसाच्या हातात खराटा होता आणि तो खराटा त्यांनी दुसऱ्याच्या हातात देऊन स्वतः खुर्ची घेतली नाही. झणका आपल्या नाकात गेला की बाटलीवर काय लिहिलंय ते आपण वाचायला लागू, आणि तिथं काहीच लिहिलेलं नाही याचा रागही येईल. तो राग आला पाहिजे.