पासिंग झालेली फॉर्च्युनर घेताय? आधी गाडीखाली वाका

टोयोटाची फॉर्च्युनर आपल्या देशात २००९ च्या ऑगस्टमध्ये आली. त्या वेळी तालुक्यात ती कुणाकडे दिसायची हे वाचकांना सांगायला नको. आमदार, कारखान्याचे चेअरमन, नाहीतर रस्त्याची कामे घेणारा मोठा ठेकेदार. त्या पहिल्या गाड्यांची पंधरा वर्षे २०२४ मध्ये भरली. आता २०१० आणि २०११ च्या गाड्यांचा नंबर लागला आहे, आणि त्यातल्या बऱ्याच तिसऱ्या-चौथ्या हातात गेल्या आहेत. जमीन रस्त्यात गेली, मोबदला मिळाला, द्राक्षाचा हंगाम बरा गेला, की घरातला पोरगा म्हणतो, 'नवी नको, जुनीच घेऊ, पण फॉर्च्युनर घेऊ.' नवी तीस लाखांच्या पुढे आणि जुनी त्याच्या कितीतरी खाली. हट्ट पुरा होतो.

सौदा करताना विकणारा एकच गोष्ट छातीठोकपणे सांगतो : 'पासिंग करून दिलंय, पाच वर्षं बघायचं काम नाही.' या वाक्यावर लाखोंचा व्यवहार होतो. म्हणून या पासिंगमध्ये नेमके काय होते, ते नीट बघू.

कायदा असा आहे. घरच्या मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. ती संपली की आरटीओत गाडी दाखवून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करायचे. 'पंधरा वर्षे झाली, आता गाडी भंगारात' ही पारावरची चर्चा खाजगी गाडीला लागू नाही. १ एप्रिल २०२३ पासून नोंदणी रद्द झाली ती सरकारी गाड्यांची. पण दुसरी बाजूही बघा. परवान्याच्या काळीपिवळी जीपला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागते. घरच्या गाडीला मात्र पहिली पंधरा वर्षे एकदाही नाही. पीयूसीचा कागद आणि विमा असला की झाले. पीयूसीत फक्त धूर मोजतात, ब्रेक नाही. म्हणजे जवळजवळ दोन टनांची गाडी, सात माणसे घेऊन पंढरपूर-शिर्डी करणारी, सव्वा तप कुणी सरकारी माणूस खाली वाकून बघत नाही. पुढे एकदा बघतात आणि लगेच पाच वर्षांचा शिक्का देतात.

बरे, बघतात ते काय? केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ६२ व्या नियमात यादी आहे : ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, रिफ्लेक्टर, हॉर्न, सायलेन्सर, वायपर, काचा, आरसे वगैरे. यादी वाईट नाही. प्रश्न आहे तो ती कशी तपासतात याचा. गेल्या दशकात मुंबई उच्च न्यायालयात यावर जनहित याचिका चालली आणि ब्रेक तपासायला २५० मीटरचा पथ नसलेल्या आरटीओ कार्यालयांनी योग्यता प्रमाणपत्रे देऊ नयेत, इथपर्यंत आदेश गेले. म्हणजे त्याआधी ब्रेक कसा बघत असतील, ते वाचकांनीच ताडावे. आता यंत्रावर तपासणी करणारी केंद्रे येत आहेत, पण सगळीकडे अजून पोचलेली नाहीत.

जिथे तपासणी खरोखर होते तिथे अशा गाड्या अडतात त्या बहुधा हौसेपायी. काचेवरची काळी फिल्म सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंद केली. पुढचा लोखंडी बंपर, ज्याला आपण गार्ड म्हणतो, त्यावर कारवाई करा असे केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले. त्यात टपावरच्या दिव्यांची पट्टी, कर्णकर्कश हॉर्न, 'दादा' वाचता येईल असा नंबर, आणि चाकाच्या कमानीबाहेर आलेले टायर. हे सगळे आदल्या दिवशी गॅरेजमध्ये उतरवतात आणि शिक्का पडला की संध्याकाळी पुन्हा चढवतात. काही ठिकाणी तर टायरसुद्धा पासिंगपुरते दुसऱ्या गाडीचे लावून नेतात. एजंटाला यात काही वावगे वाटत नाही, त्याचा धंदाच तो.

खरे दुखणे खाली असते. ही गाडी चेसिसवर बांधलेली, मजबूत, यात वाद नाही. पण वजन मोठे, आणि रस्ते आपले. पुढच्या चाकांचे बॉल जॉइंट आणि आर्मचे बुश झिजतात, टायरॉडला प्ले येतो, शॉकअप तेल सोडतात. ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट फाटतात आणि आत चिखल जाऊन सांधा खातो. ब्रेकच्या डिस्क पातळ होतात. हँडब्रेक नुसता वर येतो, गाडी धरत नाही. हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडतात, मग रात्री उसाच्या ट्रॉलीचा मागचा भाग दिसतो तो अगदी जवळ गेल्यावर. चेसिसला गंज चढतो. समुद्राकाठी राहिलेल्या गाडीला जरा जास्तच. त्यावर कुणीतरी पत्र्याचे ठिगळ वेल्ड करून काळा रंग मारलेला असतो. उभ्या-उभ्या बघितले तर यातले एक हेडलाइट सोडून काही दिसत नाही.

आणि काही गोष्टी तर कोणत्याच पासिंगच्या यादीत नाहीत. त्या फॉर्च्युनरच्या तीन लिटर डिझेल इंजिनला टायमिंग बेल्ट आहे. साधारण दीड लाख किलोमीटरला तो बदलावा लागतो. चालू गाडीत तुटला तर इंजिनच उघडावे लागते. इंजेक्टरचेही तसेच. हा खर्च पासिंगच्या शिक्क्यात दिसत नाही, आणि मीटर मागे फिरवलेले असेल तर बेल्ट कधीचा आहे हे मालकालाही सांगता येत नाही.

आता दिल्लीच्या गाड्यांकडे वळू. राष्ट्रीय हरित लवादाचा २०१५ चा आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा आदेश, त्यामुळे दिल्ली आणि भोवतालच्या जिल्ह्यांत दहा वर्षांवरील डिझेल गाडीला बंदी आली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने नुसत्या वयावरून कारवाई नको म्हटले. डिसेंबरात ती सवलत बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरती ठेवली. इतकी वर्षे तिथला माल ना-हरकत दाखला घेऊन इतर राज्यांत उतरला, आपल्याकडेही उतरला. अशी गाडी दिसायला झकास असते. डांबरी रस्त्यावर चाललेली, त्यामुळे काही वेळा खरेच चांगलीही निघते. पण ती इथे नोंदवताना कर पडतो, आणि कागद अर्धवट असले तर गाडी अंगणात आणि मालक आरटीओच्या व्हरांड्यात, असे महिनोन्‌महिने चालते.

खर्चाचे आकडेही लक्षात ठेवा. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाली. वीस वर्षांवरील गाडीला ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. फॉर्च्युनर बंगळुरूजवळ बिडदीला बनते म्हणून एवढ्यावर भागते. आयात केलेली प्राडो किंवा लँड क्रूझर हौसेने घेतलीत तर हेच आकडे ४०,००० आणि ८०,००० आहेत. आपल्या राज्याचा पर्यावरण कर वेगळा.

इंग्लंडात गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी असते. सापडलेला दोष धोकादायक, मोठा की किरकोळ, हे लिहून देतात. नुसता गाडीचा नंबर टाकून कुणालाही मागच्या तपासण्यांचा इतिहास आणि त्या वेळचे किलोमीटर बघता येतात. जर्मनीत तर कोणत्या मॉडेलमध्ये किती वयाला कोणता दोष निघतो, याचा अहवाल दरसाल छापतात. आपल्याकडे मोबाइलवर नोंदणी, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे ते दिसते. तपासणीत काय सापडले होते, हे घेणाऱ्याला कुठेच दिसत नाही. शुल्क आठपट घेता, तर दोषांची यादी मालकाच्या हातात द्या आणि नंबरासमोर नोंदवा, ही मागणी आपल्या आमदार-खासदारांकडे करायला हरकत नाही. त्यांच्याकडेही जुन्या फॉर्च्युनर आहेतच.

तोवर एवढे करा. इसार देण्याआधी गाडी आपल्या ओळखीच्या मिस्त्रीच्या खड्ड्यावर न्या, विकणाऱ्याच्या गॅरेजमध्ये नको. पुढचे चाक उचलून हलवून बघा. चेसिसवर नवा काळा रंग दिसला तर खरवडून बघा. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन साल. चारही टायरचे साल वेगळे निघाले तर का ते विचारा. कंपनीच्या सर्व्हिसचे जुने कागद मागा, त्यात किलोमीटर लिहिलेले असतात. आणि नोंदणी संपायला आली असेल तर नूतनीकरणाचा अर्ज साठ दिवस आधीपासून करता येतो. तो विकणाऱ्याच्याच नावावर होऊ द्या, तपासणीच्या दिवशी स्वतः हजर राहा, आणि गार्ड, काळी फिल्म उतरवलेली गाडीच ताब्यात घ्या.