नाव नसलेला कर्ता

मराठीच्या वर्गात शेतकरी येतो तो बहुधा सोसण्यासाठी किंवा मरण्यासाठी. दुष्काळ, सावकार आणि गळफास या तीन खुंट्यांना त्याचे आयुष्य टांगले, की ग्रामीण साहित्यावरची प्रश्नपत्रिका पुरी होते. ते दुःख खोटे आहे, असे कोण म्हणेल? आमचा आक्षेप वेगळा आहे. घरात दाणा उरावा म्हणून हाच अल्पभूधारक जे शोधतो, निवडतो, घडवतो, त्याला आपल्या समीक्षेत जागाच नाही.

दादर-परळच्या वाण्याकडे मिळणारा 'एचएमटी' तांदूळ घ्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे यांनी तो घडवला. जमीन जेमतेम दीड एकर, शिक्षण तिसरीपर्यंत. १९८३ साली 'पटेल ३' भाताच्या पिकात त्यांना तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी राखल्या, निराळ्या पेरल्या आणि काही वर्षे निवड करीत वाण स्थिर केले. नाव मात्र पडले ते एका लोकप्रिय मनगटी घड्याळाचे. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही-एचएमटी' प्रसारित केले. नावात विद्यापीठ आले, घड्याळ आले. खोब्रागडे आले नाहीत.

कर्तृत्वाचा हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांचा नव्हे काय? पाठभेद तपासून संहिता निश्चित करणारा आपल्या लेखी विद्वान. लोंब्या तपासून वाण निश्चित करणारा मात्र केवळ 'अनुभवी'! २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला वाणाचा पैदासकार मानले. समीक्षेला अद्याप ते जमलेले नाही. वस्तुतः १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जोतीरावांनी लुबाडणुकीसोबत ताली-बंधारे, विहिरी आणि उत्तम पिकांना बक्षिसे यांचाही विचार मांडला होता. आपण असूड तेवढा उचलला, बंधारे तिथेच ठेवले.

अशा कौतुकाने शासनाची जबाबदारी टळते, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. परंतु खोब्रागडे २०१८ मध्ये गेले, तोवर त्यांची ओढगस्त सुटली नव्हती. तेव्हा ही यशोगाथा नव्हेच. ज्याचे ज्ञान आपण नोंदवत नाही, त्याचा मोबदला बुडवणे सोपे जाते, एवढेच तीतून दिसते. अकोले तालुक्यात देशी बियाण्यांची बँक उभारणाऱ्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांचे वालाचे, भाताचे शब्द आपल्या कोशांत आहेत का, हे तरी मराठीच्या विभागांनी तपासावे.