शेजाऱ्याला हात दिला, खर्च कोणाच्या नावे?



फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर स्वारी केली आणि काळ्या समुद्रावरची बंदरे बंद पडली. युक्रेनचा गहू, मका, सूर्यफूल बहुतेक सगळे याच बंदरांतून जगभर जात असे. (तिथली जमीनही काळी, पण सेंद्रिय कर्ब आपल्या कापसाच्या काळीपेक्षा कितीतरी जास्त. असो.) कोठारे भरलेली आणि माल न्यायला वाट नाही.

शेजारी २७ देशांचा युरोपीय संघ. त्याने मे महिन्यात आपल्या हद्दीतले रेल्वेचे, रस्त्यांचे आणि डॅन्यूब नदीचे मार्ग मोकळे केले. ४ जूनपासून युक्रेनच्या मालावरचा आयातकर वर्षभरासाठी उठवला. हे योग्यच झाले. घराला आग लागलेल्या माणसाकडे जामीन मागत नाहीत.

घोटाळा पुढे झाला. युक्रेनचे रूळ १,५२० मिलिमीटर रुंदीचे, पोलंड-हंगेरीचे १,४३५. फरक चार-पाच बोटांचा. पण तेवढ्यासाठी सीमेवर माल उतरवून दुसऱ्या वॅगनमध्ये भरायचा, नाहीतर चाके बदलायची. गाड्या खोळंबल्या, भाडे चढले. आफ्रिका-आशियाकडे जायचा माल सीमेलगतच विकून मोकळे होणे व्यापाऱ्याला सोयीचे. पोलंड, रुमानिया, बल्गेरियाची गोदामे भरली. जगातले भाव तेव्हा उतरतच होते. हा माल त्यावर येऊन पडला. युक्रेनच्या शेतकऱ्याला तरी काय मिळाले? भाड्याचा बोजा त्याच्याच दरातून कापला गेला. सीमेच्या दोन्ही बाजूंना पिकवणाराच नागवला.

पोलंडच्या कृषिमंत्र्यांनी २०२२ मध्ये, धान्य घाईने विकू नका, असा सल्ला दिला होता. ज्यांनी ऐकले ते बुडाले. एप्रिल २०२३ मध्ये मंत्री राजीनामा देऊन सुटले. शेतकऱ्याला कशाचा राजीनामा देता येतो?

मग पोलंड, हंगेरी, स्लोव्हाकिया, बल्गेरियाने परस्पर बंदी घातली. तेव्हा कुठे संघ नीट जागा झाला. बंदीआधी तीन देशांसाठी ५ कोटी ६३ लाख युरो देऊ केले होते, बंदीनंतर पाच देशांसाठी १० कोटी. मे २०२३ मध्ये नियम केला: गहू, मका, सूर्यफूल आणि रेपसीड या पाच देशांतून पुढे जाईल, तिथे विकले जाणार नाही. हीच अट पहिल्या दिवशी घालून भाड्यातला फरक संघाच्या तिजोरीतून दिला असता तर? तिजोरी रिकामी नव्हती. फेब्रुवारी २०२४ मध्ये याच संघाने युक्रेनला चार वर्षांसाठी ५,००० कोटी युरो मंजूर केले. त्याच महिन्यात पोलंडचे शेतकरी ट्रॅक्टर घेऊन सीमा अडवून बसले होते आणि वॅगनमधले धान्य रुळांवर सांडले जात होते. ते धान्यही कोणा शेतकऱ्यानेच पिकवले होते.

या युद्धाचा चटका आपल्यालाही बसला. आपल्याकडे येणाऱ्या सूर्यफूल तेलाचा सर्वांत मोठा पुरवठादार युक्रेनच होता. तेल भडकले, तेव्हा दिल्लीने मे २०२२ मध्ये वर्षाला २० लाख टन कच्चे सूर्यफूल तेल आणि तेवढेच सोयाबीन तेल दोन वर्षांसाठी आयातकराशिवाय आणायला मुभा दिली. कापूस-ज्वारीच्या जोडीने सोयाबीन घेणाऱ्यांना तेव्हा कोणी विचारले?

जिल्हा बैठकीत माझी सूचना एवढीच राहील: टंचाईसाठी असो की शेजाऱ्याच्या मदतीसाठी, आयातकर उठवण्याचा हुकूम निघेल त्याच हुकुमात भावातली घट कोण आणि कधी भरून देणार, हे लिहिलेले असावे. यावर चर्चा व्हावी.