सांगायचं कुणी, ऐकायचं कुणी?

आमच्या सांगवीतल्या बचत गटातली एक मैत्रीण. नवरा चाकणच्या एका कंपनीत कंत्राटी कामगार. रोज सकाळी डबा घेऊन निघायचा, संध्याकाळी यायचा. तीन महिन्यांनी तिला कळलं, की कंपनीने त्याला केव्हाच ब्रेक दिलाय. पगार म्हणून हातावर ठेवत होता, ते उसनवारीचे पैसे. नोकरी गेली याचं तिला इतकं वाईट वाटलं नाही. "मला सांगितलं का नाही, ताई?" एवढंच म्हणत राहिली.

तेव्हा मला दोन कथा आठवल्या. दोन्हींत घर प्रेमाचं आहे आणि दोन्हींत पैशाची ओढाताण आहे.

पहिली अमेरिकन लेखक ओ. हेन्रीची, १९०५ सालची. जिमचा आठवड्याचा पगार तीस डॉलरवरून वीसवर आलाय. नाताळ उद्यावर आणि डेलाजवळ आहेत एक डॉलर सत्त्याऐंशी सेंट. ती आपले लांबसडक केस विकते आणि त्याच्या घड्याळासाठी साखळी आणते. इकडे त्याने तिच्या केसांसाठी कंगवे आणलेले असतात, तेही वाडवडलांचं घड्याळ विकून! दोघांच्या भेटी वाया जातात, प्रेम तेवढं उरतं. वाचताना डोळे भरून येतात.

दुसरी अण्णा भाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं'. वारणाकाठचा भीमा पोटासाठी मुंबईत येतो. उपनगरातल्या खाणीवर काम मिळतं, पण खाण बंद पडते. मग बायको आणि लाडकी लेक नाबदा यांच्यासाठी तो मढ्यांच्या राखेतून सोनं शोधू लागतो. बायको भिते, जाऊ नका म्हणून अडवते. तो तिलाच गप्प करून निघतो. त्या रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात. डॉक्टर दोन बोटं कापतात, आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते.

आपल्याला पहिली कथा जास्त आवडते, कारण तिच्यात त्याग गोड आहे. पण डेलाचे केस पुन्हा वाढतील. भीमाची बोटं कुठून यायची? मला दुसरी कथा आपल्या घरांच्या जवळची वाटते. भीमाचं प्रेम जिमपेक्षा तसूभर कमी नाही. पण घर मी चालवतो, मग काय करायचं तेही मीच ठरवणार, असं तो धरून चालतो. बायको बोलते, तिचं ऐकलं जात नाही. डेला-जिम तर एकमेकांना विचारतच नाहीत. तिथे निदान दोघांनीही काही दिलेलं असतं. इथे ठरवतो एकटा भीमा आणि भोगतं सगळं घर.

दोष एकट्या पुरुषांना देऊ नये. 'कमावत नाही तो कसला पुरुष' हे आपणच मुलांच्या मनावर बिंबवतो. आणि आपणही बांगड्या गहाण टाकतो, दुखणी अंगावर काढतो, वर त्याला त्याग म्हणतो.

माझ्या मैत्रिणीने त्या रात्री नवऱ्याला एवढंच सांगितलं, "यापुढे उपाशी राहायचं तर दोघं मिळून राहू, पण मला ठाऊक असू दे." आता ती घरी पोळी-भाजीचे डबे करते आणि तो ते पोचवतो. उसने अजून फिटायचेत. पण किती राहिलेत, हे आता दोघांनाही माहीत आहे.

मैत्रिणींनो, आज रात्री जेवणं झाल्यावर घरात एकदा विचारून बघा. आणि आपलंही काही लपवलेलं असेल, तर सांगून टाका.