दोन पदर कशासाठी?

डीएनएची आकृती तुमच्यापैकी बहुतेकांना डोळे मिटून काढता येईल. पीळ दिलेली शिडी, दोन्ही बाजूंना शर्करा आणि फॉस्फेट, पायऱ्यांवर ॲडेनीनसमोर थायमीन व ग्वानीनसमोर सायटोसीन. १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी ही रचना मांडली, रोझलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण छायाचित्रांचा तिला आधार होता, एवढे लिहिले की गुण मिळतात आणि धडा संपतो. माझे म्हणणे असे, की धडा खरा इथून सुरू व्हायला हवा. परभणी जिल्ह्यातल्या शाळेत तर तो भेंडीच्या वाफ्यात उभे राहून शिकवता येईल.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडून जाळी दिसू लागली, की शेतकरी म्हणतो केवडा पडला. पुढे पान सगळेच पिवळे होते, फळे पिवळट आणि निबर निघतात. मुंबई इलाख्यातून या रोगाची नोंद १९२४ सालीच झाली होती. रोग विषाणूचा आहे. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. या विषाणूचा डीएनए जेमतेम पावणेतीन हजार अक्षरांचा, कड्यासारखा गोल आणि, गंमत पाहा, एकपदरी! शिडी उभी चिरून एकच बाजू ठेवावी तसा. पेशीत शिरल्यावर तो भेंडीच्याच यंत्रणेकडून आपला दुसरा पदर तयार करवून घेतो आणि त्यावरून पुन्हा एकपदरी नकला निघतात.

तुम्ही म्हणाल, एक पदर नसला म्हणून काय बिघडले? सायटोसीन हा रेणू जरा कच्चा असतो. त्याचा अमिनो गट अधूनमधून गळतो आणि त्याचे युरॅसील होते. तुमच्या-आमच्या पेशींत हे रोज घडते. पण युरॅसील हे आरएनएचे अक्षर, डीएनएचे नव्हे. म्हणून दुरुस्ती करणारी विकरे ते परके ओळखून उपटून टाकतात. रिकाम्या जागी काय बसवायचे? समोरच्या पदरावर ग्वानीन आहे, ते सांगते. डीएनएत युरॅसीलऐवजी थायमीन का, याचेही उत्तर यातच आहे. युरॅसील डीएनएत नेहमीचेच असते, तर मूळचे कोणते आणि बिघडलेले कोणते हे कळलेच नसते.

एकपदरी रेणूला मात्र समोर साक्षीदार नाही. चूक राहून जाते व पुढच्या नकलांत उतरते. त्यामुळे असे विषाणू आरएनए विषाणूंच्या जवळपास वेगाने बदलतात. (आरएनएच्या शर्करेत एक ऑक्सिजन अणू जास्त असतो, त्यामुळे तो रेणू लवकर तुटतो. निरोपाच्या चिठ्ठीला हे चालते, दप्तराला नाही.)

आता परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे या. १९७२ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ आज वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. भेंडीची 'पुसा सावनी' ही जात केवड्याला बळी पडत होती. तिचा रानभेंडीशी संकर करून, संकरित रोपांचा पुन्हा पुन्हा भेंडीशी संकर करीत, येथे 'परभणी क्रांती' तयार झाली. ती १९८५ साली प्रसारित झाली. एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी १९८१ सालीच दाखवले होते, की रानभेंडीची ही प्रतिकारशक्ती एका प्रभावी जनुकावर अवलंबून असते. परभणीचे नाव या भेंडीने देशभर नेले. पुढे मात्र अनेक ठिकाणी तिच्यावरही केवडा दिसू लागला.

अशा वेळी 'वाण थकले' असे म्हणतात. मला हे पटत नाही. बियाण्यात भेसळ नसेल, तर वाणाचा दुपदरी डीएनए पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ तसाच उतरतो. बदलतो तो शत्रू. एका जनुकाने त्याचा कायमचा बंदोबस्त होईल, ही अपेक्षाच चुकीची आहे. नवी जनुके पुन्हा पुन्हा शोधावी लागणार, आणि ती रानटी भाईबंदांतच शोधावी लागतात. आज प्रयोगशाळेत अक्षराला अक्षर जोडून डीएनए बनवता येतो, हे खरे. पण कोणती अक्षरे जोडायची? ती रानभेंडीच्या पेशीत लिहिलेली आहेत. पडीक रान आणि बांध तणनाशकाने साफ करताना आपण तो मजकूर न वाचताच पुसून टाकतो, याचे मला फार वाईट वाटते.

गुरुजनांना एक विनंती. आकृतीचे दोन गुण कमी करून हा प्रश्न घालून पाहा: एका विषाणूच्या डीएनएत ॲडेनीन आणि थायमीन यांचे प्रमाण सारखे नाही, त्याच्या रचनेविषयी काय सांगता येईल? रॉबर्ट सिन्शायमर यांनी १९५९ साली याही निरीक्षणाचा आधार घेऊन, जिवाणूंना ग्रासणाऱ्या एका विषाणूचा डीएनए एकपदरी असल्याचे दाखवले होते.