आमचा भाडेकरू आणि वीतभर पाइप

एप्रिलमधला रविवार. पुण्यात मस्त ताणून दिली होती. डोळे चोळत फोन बघतो तर नागपूरहून अकरा मिस्ड कॉल! सात खालच्या मजल्यावरच्या काकूंचे, चार भाडेकरूचे.

आईबाबा माझ्याकडे राहायला आल्यापासून रामदासपेठेतला आमचा जुना टू-बीएचके भाड्यानं दिलाय. दर महिन्याला खात्यात पैसे जमा, आपण निवांत! काकू फोनवर ओरडल्याच, ‘अरे, पॅसेजच्या भिंतीतून पाणी गळून राह्यलं! स्विचबोर्डापर्यंत आलं ना बाबा!’ वय त्र्याहत्तर, एकट्या राहतात. मी आधी मेन स्विच बंद करायला लावला आणि मग भाडेकरूवर चढलो.

तो इथल्याच एका हॉस्पिटलात नाइट ड्यूटी करतो. शांतपणे म्हणाला, ‘सर, फेब्रुवारीत फोटो पाठवला होता.’ चॅट वर सरकवलं. बाथरूमची फुगलेली भिंत, आणि खाली माझा अंगठा. थम्ज अप!

खरं सांगू? त्याचं एका महिन्याचं भाडं थकलं होतं, म्हणून मी मुद्दाम ताणत होतो. त्यात बिल्डिंगमधल्या एका अनुभवी गृहस्थांनी सल्ला दिला, ‘वरचा वॉल बंद करून टाका. गळती बंद, भाडेकरूही सरळ!’ पाच मिनिटं मलाही ते पटलं होतं.

वकील मैत्रिणीनं झापलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्याच्या कलम २९ प्रमाणे भाडेकरूचं पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट सबळ कारणाशिवाय तोडता येत नाही. आणि कलम १४ प्रमाणे दुरुस्ती मालकाची. भाडेकरूनं किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालक हलला नाही, तर तो स्वतः काम करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. म्हणजे माझ्या भाडेकरूनं अंगठ्याऐवजी नोटिशीचा मार्ग धरला असता तर? असो.

रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून नागपूर गाठलं. प्लंबर भाऊंनी हातोडा काढण्याआधी बाथरूम एक दिवस कोरडं ठेवायला सांगितलं. नळ सगळे बंद असतानाही ओल वाढली तर पाणी येणारा पाइप फुटलाय. फक्त आंघोळीनंतर वाढली तर फरशीचे सांधे किंवा सांडपाण्याची लाइन. आमची ओल वाढतच गेली. तेवढ्यात त्यांनी फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंगही टाकून बघितला. पंधरा मिनिटांत, फ्लश न करता, भांड्यात लाल पाणी! म्हणजे तिथला वायसरही गेलेला. एवढी सोपी टेस्ट आपल्याला कुणी का शिकवत नाही?

भिंत फोडल्यावर निघाला १९८८ चा जीआय पाइप. बाहेरून धडधाकट, आतून गंजानं इतका भरलेला की पेन्सिलही जाईना. पाण्याला जोर नाही ही भाडेकरूची जुनी कुरकुर, आणि मी समजत होतो, उन्हाळ्यात दोन-दोन कूलर भरतो, म्हणून! तोतलाडोहाचं पाणी गोरेवाड्यात शुद्ध होऊन शहरात येतं, २०१२ पासून चोवीस तास पाण्याची योजनाही सुरू आहे. पण मीटरच्या अलीकडचा पाइप आपला. तो गंजला तर पेंच भरून वाहिला तरी आपला नळ करंगळीएवढाच.

सीपीव्हीसी पाइप, टाइल्स, मजुरी, काकूंचा नवा स्विचबोर्ड आणि पॅसेजचा रंग मिळून अठरा हजार. डिपॉझिटमधून कापायचा मोह झाला होता. पण पाइप माझ्या बाबांच्या काळातला, त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? नवीन करारात मात्र लिहून घेतलंय: वायसर, शॉवर, कूलरची नळी त्याची, भिंतीतलं सगळं माझं, आणि तक्रारीला अट्ठेचाळीस तासांत उत्तर, अंगठा चालणार नाही. ही शेवटची ओळ त्यानं हसत हसत घालायला लावली. थकलेलं भाडं त्याच संध्याकाळी जमा झालं.

काकू अजून थोड्या रागावलेल्या आहेत. रंग त्यांना हवा होता तो मिळाला नाही म्हणे.

जुन्या पाइपचा वीतभर तुकडा पुण्याला आणलाय. ऑफिसात टेबलावर उभा करून ठेवलाय, पेनस्टँड म्हणून. पेन आत जात नाही.